रंगात बिघाड

पासपोर्टच्या फोटोसाठी नवरा-बायको स्टुडिओत आले. स्क्रीनवर बायकोचा चेहरा उमटताच नवरा खेकसला, "अहो ताई, तुमच्या कॅमेऱ्याचे रंग बिघडलेत! गाल बघा केवढा निळा दिसतोय."

फोटोग्राफर ताईंनी बायकोच्या हातात पांढराशुभ्र कागद दिला, त्यावरून कॅमेऱ्याचे रंग नीट जुळवले आणि पुन्हा फोटो काढला. आता कागद पांढरा दिसत होता, मागचा पडदा राखाडी. गाल मात्र निळा तो निळाच. ताईंना काय ते कळलं.

"मग तेवढं पुसून टाका ना," नवरा घाईघाईने म्हणाला.

बायकोने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.



"ताई, काही पुसू नका. हाच फोटो मला पोलिसांत द्यायचाय."