उंचवट्यावरची माणसं

चेंडू काही येईना.

माळ्यानं खांदे कानांपर्यंत ओढून घेतले होते. एक डोळा गवतावर आणि एक मागच्या उंचवट्यावर. गोल्फ कोर्सवरचं हे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक हिरवळ, त्यानं स्वतःच्या हातांनी लावलेलं. पूर्वी इथं गवत कापायचं मशीन फिरवताना तो गुणगुणायचा. आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चार महिन्यांपूर्वी याच जागी उंचवट्यावरून हाक आली होती, "ए माळी, हट!" मशीनच्या घरघरीत हाक कुठली ऐकू येणार? पाठोपाठ आलेल्या चेंडूनं त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते जुळून तो आजच कामावर परतला होता.

सकाळी बायकोनं डबा हातात देताना बजावलं होतं, "आज एक जरी चेंडू अंगाजवळून गेला, तर मशीन तिथंच टाकून घरी यायचं. नोकरी गेली खड्ड्यात." एरवी तो तिच्याशी हुज्जत घालायचा. आज त्यानं मुकाट्यानं मान डोलावली. हे गवत सोडून जायचं मात्र त्याच्या मनात नव्हतं.

मुकादमानंही आल्या आल्या नियम ऐकवला होता. काम करताना भोकातला झेंडा उपटून ठेवायचा. भोकात झेंडा नसला, की कुणी चेंडू मारायचा नाही. नियम जुनाच, पण तो पाळलेला कुणी पाहिला नव्हता. झेंडा असो वा नसो, मेंबर लोक बिनदिक्कत हाणत. तरी मुकादमाच्या समाधानासाठी माळ्यानं झेंडा काढून गवतावर आडवा ठेवला होता.

उंचवट्यावर आधी चौघं होते. मागून आणखी आले. मग तर रांगच लागली. काहीजण चक्क गवतावर बसले होते. सगळ्यांच्या पुढे एक उंच गृहस्थ मागच्यांना अडवल्यासारखे दोन्ही हात पसरून उभे होते. माळ्यानं त्यांना लांबूनही ओळखलं. हाड मोडणारा तो चेंडू त्यांचाच होता.

त्यानं कशीबशी शेवटची पट्टी कापली, मशीन बंद केलं आणि कानांतले कापसाचे बोळे काढले.

केवढी शांतता! इतक्या वर्षांत हे मैदान असं गप्प झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं. एवढी माणसं, पण चेंडूला काठी लागल्याचा एक आवाज नाही. पलीकडच्या तळ्यातल्या बदकांची कुजबुज इथवर येत होती. त्याच्या अंगावर काटा आला. काहीतरी फार मोठं घडलं होतं. क्लबचे म्हातारे अध्यक्ष आजारी आहेत, असं कानावर आलं होतंच. कुणीतरी गेल्याशिवाय का ही मंडळी खेळ थांबवणार? पावसात थांबली नाहीत. त्याला उचलून नेलं त्या दिवशीही थांबली नाहीत.

त्यानं टोपी काढून खिशात कोंबली. झेंड्याची काठी हाताशी होती, ती उचलली आणि टेकत टेकत चढ चढू लागला.

तो वर पोचताच बसलेले सगळे उठून उभे राहिले. मागून कुणी बडा साहेब येत असेल, म्हणून त्यानं वळून पाहिलं. मागे नुसतं ताजं कापलेलं गवत होतं.

"कोण गेलं हो?" त्यानं हळूच विचारलं.

उंच गृहस्थांनी पसरलेले हात खाली घेतले.

"कुणी जाऊ नये म्हणूनच थांबलोय, काका. तुम्ही झेंडा लावा, मग आम्ही खेळतो."