दोघांची होडी

"किती जण?" ताईने विचारलं.

गृहस्थांनी मागून येणाऱ्या बाईंसाठी फाटक धरून ठेवलं होतं. त्यांनी एकदा वळून पाहिलं. "दोघं दिसतोय की," ते म्हणाले.

दोघंही साठी ओलांडलेले. गृहस्थांची टोपी कानापर्यंत ओढलेली, बाईंच्या पायात नवे कोरे रबरी बूट. तळ्याचा हा कोपरा टेकडीच्या आडोशाला होता. पाणी परातीत ओतल्यासारखं शांत. नवशिक्यांना याहून बरी जागा नव्हती. ताई इथे कयाक आणि पॅडलबोर्ड शिकवायची. वय तिशीचं, पण शिकायला येणारे आजोबासुद्धा तिला ताईच म्हणायचे.

"एकेकट्याच्या कयाक सगळ्या पाण्यात गेल्यात. दोघांची एक उरलीय. चालेल ना?"

"मला चालेल," गृहस्थ म्हणाले. "यांना विचारा."

"बुडवलं नाही म्हणजे मिळवलं," बाई म्हणाल्या.

ताई हसू दाबत शेडमध्ये लाइफ जॅकेट आणायला गेली. तिथे मिस्त्री एका फुटलेल्या बोर्डाला पॉलिश पेपर घासत बसला होता. होड्या दुरुस्त करायला तो दर रविवारी यायचा, आणि गेले काही रविवार दुरुस्ती संपली तरी रेंगाळायचा.

"आज सांगते म्हणाली होतीस," तो मान वर न करता म्हणाला.

"दिवस कुठे संपलाय?"

त्याने लग्नाचं विचारलं होतं. माणूस चांगला होता, नाही म्हणायला कारण नव्हतं. पण ताईच्या घरी भांड्याला भांडं लागलं की महिनाभर अबोला चालायचा. आईचा निरोप बाबांना आणि बाबांचा आईला पोचवण्यात तिचं लहानपण गेलं. दोन माणसं एका छपराखाली सुखाने राहतात, हे तिने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

काठावर तिने दोघांना वल्हं धरायला शिकवलं. "पुढचा माणूस लय धरणार, मागचा होडी वळवणार. वल्हं एकाच वेळी, एकाच बाजूला."

बाई पुढे बसल्या, गृहस्थ मागे. पाण्यात जाताच वल्ह्यावर वल्हं आपटलं.

"अहो, डावीकडे!"

"माझं डावं की तुमचं?"

"होडी एक, तोंड एकीकडे! डावं वेगवेगळं कसं असेल?"

"बरं बाई, चुकलं. आता?"

"आता उजवीकडे. आणि पाणी उडवू नका, माझी आंघोळ झालीय."

काठावरचे सगळे हसले. ताईच्या मनात आलं, या वयातही बायकोला अहो-जाहो करणारा माणूस आहे हा. आणि चूक कबूल करताना त्याचा चेहरासुद्धा पडत नाही.

तासाभरात दोघांना सूर सापडला. इतका, की बोलता बोलता ते हद्दीच्या लाल गोळ्यांच्या दोरीपर्यंत गेले आणि टेकडीचा आडोसा सुटला. वाऱ्याची एक थप्पड बसली. कयाक वाऱ्याला आडवी झाली. बाईंनी दोन्ही हातांनी होडीचा काठ पकडला, त्यांचं वल्हं निसटून वाहत गेलं.

ताईने बोर्ड पाण्यात लोटला आणि उभ्याने वल्हवत निघाली. जवळ जाताच बाईंचा आवाज ऐकू आला. "मला पोहता येत नाही हो!"

"मलाही येत नाही," गृहस्थ म्हणाले. "जॅकेटला येतं. माझ्या चष्म्यावर पाणी आलंय, काही दिसत नाही. तुम्ही सांगा, मी मारतो."

"मला नाही जमणार."

"इतका वेळ तर सांगतच होतात!"

बाईंनी रडवेल्या तोंडाने त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि खुदकन हसल्या. मग पुढे बघून ओरडल्या, "उजवं! उजवं! आता डावं... अहो, जोरात!"

होडी वळली. ताई वाहतं वल्हं उचलून नुसती त्यांच्या मागे राहिली. तिला काहीच करावं लागलं नाही. एकाच्या हातात वल्हं होतं, दुसरीजवळ डोळे होते, आणि दोघं भांडत भांडत काठाला लागले.

एवढं झाल्यावर ही माणसं घरी जातील असं तिला वाटलं. तर बाई म्हणाल्या, "त्या फळीवर उभं राहायचं राहिलंच की!"

गृहस्थ कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभे राहिले. बाई आधी गुडघ्यांवर, मग थरथरत पायांवर. "सोडू नका हं."

"सोडलंय कधीच," ते म्हणाले, आणि दोन्ही हात वर करून दाखवले.

बाई किंचाळल्या, पण पडल्या नाहीत.

शेडच्या दाराशी मिस्त्री येऊन उभा राहिला होता. ताई त्याच्याकडे वळली.

"आपण भांडू," ती शेवटी म्हणाली. "पण असं. अबोला नाही धरायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे हो."

मिस्त्रीच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला. तो उचलायला दोघंही वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं. कपाळ चोळत दोघं कितीतरी वेळ हसत होते. ताईला आज तळं नेहमीपेक्षा मोठं वाटलं.

गृहस्थ कपडे बदलायला खोलीत गेले, तेव्हा बाई जॅकेट परत द्यायला आल्या. केस ओले, गाल उन्हाने लाल. त्यांनी खोलीच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, एक काम कराल? ते पुढच्या रविवारी येणार आहेत का, तेवढं विचाराल? आणि जमलं तर नावही विचारून ठेवा त्यांचं. सकाळी फाटकात भेटल्यापासून नुसते भांडतोय आम्ही, ते विचारायचं राहूनच गेलं."