पहिली वात

दुपारी वाती वळायला बसल्या की शकुबाई कोणाशी बोलत नसत. लाख वातींचं व्रत होतं, रोज तीनशे. घरच्या कापसातली सरकी काढायची, बोटांना राख लावून वात वळायची, दहा झाल्या की तुरीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. मधेच तोंडातून शब्द गेला, तर त्या दिवसाची मोजणी पुन्हा एकपासून.

शेजारच्या वर्षाला हे ठाऊक होतं. म्हणूनच ती कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर आली होती. उद्या रविवारी महागावच्या लहानशा चर्चमध्ये तिला आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून बोलायचं होतं.

"काकू, तुम्ही नुसतं ऐका. मधे कोणी बोललं की माझं सगळं उडून जाते."

शकुबाईंनी मान हलवली.

पायरीवर वर्षाची मुलगी सुरभी मोबाइल घेऊन बसली होती. नागपूरला भौतिकशास्त्र शिकत होती. तिची बस सकाळी नऊची, चर्चमधली प्रार्थना दहाची. दुपारच्या बसनं जा, एवढं ऐकून जा, असं वर्षानं दोनदा सांगून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि म्हणूनच बहुतेक ती जरा मोठ्यानं वाचत होती.

"जे जे सुरू झालं, त्याला सुरू करणारं कोणीतरी असतं. हे विश्वही सुरू झालं. म्हणून त्यालाही सुरू करणारा आहे. तोच आपला पिता..."

"आणि त्याला कोणी सुरू केलं?" पायरीवरून आवाज आला.

"त्याला सुरुवात नाही."

"मग विश्वालाच सुरुवात नाही म्हण ना! आधी काहीतरी होतं, त्याच्या आधी आणखी काहीतरी, असंच चालत आलं. मधे तुझा पिता कायले पाहिजे?"

वर्षानं कागद उलटून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

"उद्या असं कोणी विचारलं तर?"

"कोण विचारते? तिथं सगळे माना हलवतात. मी विचारलं असतं, पण मी तर तेव्हा बसमधे, आर्णीच्या पुढे गेलेली असेन."

वर्षा कागदाची घडी घालू लागली. दोनदा घातली, तीनदा घातली.

"जाऊ दे. पास्टरांना सांगते, मला नाही जमत. गाणं म्हणते एखादं."

शकुबाईंचा हात थांबला. त्यांनी वाटीतल्या दाण्यांकडे पाहिलं, मग वर्षाच्या हातातल्या त्या घडीकडे.

"कायले नाही जमत?" त्या हळूच म्हणाल्या.

मायलेकी दोघी दचकल्या.

"काकू! तुमचं मौन!"

"मोडलं. होऊ दे." त्यांनी वाटी पुढे सरकवली. "इकडं ये, पोरी. किती दाणे हायेत?"

सुरभीनं मोजले. "चोवीस."

"म्हंजे वाती?"

"दोनशे चाळीस."

"आता सांग. माह्या मोजणीले पहिली वातच नसती, मांगं मांगं नुसत्या वातीच वाती, टोकच नाही कुठं. तर मी या दोनशे चाळिसाव्या वातीवर पोचली असती काय?"

"टोकच नसतं तर..." सुरभी थांबली. "तर तुम्ही निघालाच नसता."

"आन् ही आजची दुपार आपल्यापाशी पोचली ना? मंग ती बी कुठून तरी निघालीच असन."

"पण आजी, ती पहिली वात?"

"ते मी वळली. वळणारी वात नव्हती, बाई होती."

वर्षानं एक घडी उलगडली.

सुरभी सोडणारी नव्हती. "तुम्हालाही कोणीतरी जन्म दिलाच ना पण."

"दिला ना. माह्या मायनं. तिले तिच्या मायनं. या साऱ्याच्या मांगं जो बसला हाये, ज्याले कोणी जन्म देल्ला नाही, त्याच्याच पुढं तर दिवा लावतो मी. तुह्या मायचा आन् माहा एकच असन तो. दोन असते तर आतापर्यंत भांडले असते."

वर्षा खळखळून हसली. सुरभीही हसली, पण तिची नजर त्या चोवीस दाण्यांवरच होती.

शकुबाईंनी ते सगळे दाणे परत पहिल्या वाटीत ओतले. वळलेल्या वाती बाजूला केल्या.

"एवढ्या सगळ्या पुन्हा?" सुरभीनं विचारलं.

शकुबाईंनी बोटांना राख लावली आणि कापूस हातात घेतला. चेहरा शांत होता.

सुरभी आईजवळ सरकली. तिनं कागद ओढून घेतला, उरलेल्या घड्या उलगडल्या, पेन मागितलं.

"हे वाक्य इतक्या लवकर नको. आधी मोजणीचं सांग, मग पित्याचं." तिनं एक ओळ खोडली, एक बाण काढला. मग पेन एका ओळीवर टेकवलं. "आणि इथं अजून एक भोक आहे, आई."

"कुठं?"

"त्यानं सुरुवात तेव्हाच का केली? आधी का नाही? नंतर का नाही? त्याला वाटलं म्हणून? हे मी विचारणार."

"विचार की. आत्ताच विचार."

"आत्ता नाही. उद्या, सगळ्यांसमोर. उत्तर तयार ठेव."

वर्षानं पदरानं डोळे पुसले, जसं काही त्यांत राखच गेली होती.

"विचारजो," ती म्हणाली. "पण पुढच्या रांगेत बसून विचार. मागचं मला ऐकू येत नाही."