दांडीवरची सीट

लंडनच्या ईलिंग भागातल्या ऋजुताच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात ब्याऐंशी वर्षांचे कार्लो वडिलांची सायकल घेऊन आले. वडील १९३१ साली याच सायकलवर शर्यत जिंकून इटलीचे चॅम्पियन झाले होते. नंतर लंडनला येऊन त्यांनी आयुष्यभर बेकरीत काम केलं. आता इटलीतल्या एका म्युझियमला ती सायकल हवी होती, पण शर्यतीच्या दिवशी होती तशी. “मग दांडीवरची ही लहान मुलाची सीट काढावी लागेल,” ऋजुता म्हणाली. “काढ,” कार्लो म्हणाले. “तिच्यावर बसून मी चार वर्षं शाळेत गेलो. पप्पा चढावरसुद्धा खाली उतरायचे नाहीत.” गंजलेले नट सैल करताना सीटचं जुनं कातडं उसवलं, आणि आतून घडी घातलेली निळी लोकरी जर्सी बाहेर आली. छातीवर पिवळ्या दोऱ्याने ‘१९३१’ भरलेलं होतं. कार्लो स्टुलावर बसले. “ही त्यांची चॅम्पियनची जर्सी. विचारलं की म्हणायचे, प्रवासात हरवली. आई मरेपर्यंत शोधत होती.” बराच वेळ ते त्या आकड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “परत घडी घाल, कातडं शिवून टाक आणि सीट होती तिथे बसव. म्युझियमला घ्यायची तर अशीच घेऊ दे.” ऋजुताने फोटो काढून म्युझियमला कळवलं. आठवड्याने उत्तर आलं: सीटसकट सायकल चालेल, जर्सी मात्र बाहेर काढून काचेच्या कपाटात ठेवू. कार्लोंनी तिच्याच दुकानातून फोन लावला. “नको,” ते म्हणाले, “पप्पांनी ती माझ्या बुडाखाली घातली होती. तिथेच राहू द्या.”