गॅरिबाल्डीचं गाव

अंगठ्यासाठी जीवराम शाईचं पॅड सोबतच घेऊन आला होता. सोनगीरहून सकाळच्या एसटीनं तो देवपूरला उतरला, वहिनीच्या हातचं पाणी प्यायला आणि शेताच्या वाटणीचा कागद खाटेच्या कडेला उलगडून ठेवला. खाटेवर त्याचा थोरला भाऊ, धनसिंग सर, उताणे पडले होते. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली होती, डावीही लुळी पडली होती, वाचा गेली होती. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत.

"वहिनी, सात महिना व्हई ग्यात," जीवराम म्हणाला. "भाऊले आते काय समजस?"

"त्यास्ले बठ्ठं समजस," कुंदाबाई म्हणाली.

आल्यागेल्याला ती हेच सांगायची, त्यांना सगळं समजतं. सांगून सांगून त्या शब्दांत आता काही उरलं नव्हतं. पहाटे कूस बदलायची, अंग पुसायचं, पेज भरवायची, ओठातून ओघळलेली पेज टिपायची. जीवरामशी भांडायचंही तिच्या अंगात नव्हतं. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

तेवढ्यात सरांच्या शाळेतले पंडित सर आले. धनसिंग सरांचं कपाट नव्या शिक्षकाला दिलं होतं, त्यातले कागद सुतळीनं बांधून त्यांनी आणले होते. खाटेवरचा कागद आणि पॅड पाहून ते दारातच थांबले.

"सरांना विचारलंत का?"

"झाडले इचारानं नि भाऊले इचारानं, एकच शे," जीवराम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तोही दमलेला होता.

पंडित सरांनी गठ्ठा सोडला. वरच इतिहासाची एक जुनी सराव-पुस्तिका होती. 'इटली' या धड्याखाली दहा विधानं छापलेली, चूक की बरोबर ते सांगा. ते खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"सर, बरोबर असेल तर एक बोट उचला. चूक असेल तर दोन. पिसाचा झुकता मनोरा रोम शहरात आहे."

पंखा फिरत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग चादरीवरून दोन बोटं वर उठली.

"माझिनीने 'तरुण इटली' ही संघटना स्थापन केली."

एक बोट.

"व्हेनिस शहर बेटांवर वसलेले आहे."

पुन्हा एक. जीवराम खाटेजवळ सरकला. कुंदाबाई जागची हलली नाही.

"गॅरिबाल्डीचा जन्म आजच्या इटलीत झाला."

या वेळी फारच वेळ लागला. शेवटी दोन बोटं उठली.

पंडित सरांनी मागचं उत्तरांचं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "इथे बरोबर असं दिलंय. मी भूगोलाचा माणूस, पण गॅरिबाल्डी म्हणजे इटलीचाच ना."

जीवरामनं सुस्कारा सोडला आणि पॅडचं झाकण काढलं.

पुढचं विधान वाचायला पंडित सरांनी पान परत उलटलं. समासात, इतका वेळ त्यांच्या अंगठ्याखाली झाकलेली, लाल शाईची बारीक ओळ होती. अक्षर धनसिंग सरांचं. पंडित सरांनी ती आधी मनात वाचली, मग मोठ्यानं: "जन्म नीसचा. ते गाव पुढे तहात फ्रान्सला दिलं, त्याला न विचारता. उत्तर चुकीचं छापलंय. दरवर्षी वर्गात सांगणे."

जीवरामनं झाकण लावलं. मग तो खाली वाकला आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच थेट भावाशी बोलला.

"भाऊ, वाटणी करूत का?"

थांबून थांबून दोन बोटं वर आली. जीवरामनं कागदाची घडी घातली. भावाच्या पायांवर हात ठेवला आणि चपला घालून निघाला.

"वहिनी, तुम्ही म्हणत होता तेच खरं," पंडित सरांचे डोळे भरले होते. "सरांना सगळं कळतं. इथे बोललेला शब्दन्‌शब्द त्यांना ऐकू येतो."

"हो," कुंदाबाई म्हणाली.

ते गेल्यावर तिनं दार लोटलं आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. परवा दुपारी याच दारात ती शेजारच्या शेवंताबाईशी बोलत होती. देवानं आता यांना सोडवावं, म्हणजे मीही सुटेन, असं म्हणाली होती. आवाज खाली करायची गरज तिला वाटली नव्हती.

ती स्टुलावर येऊन बसली. पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. चादरीवरच्या त्या हाताकडे पाहत, परीक्षेच्या पेपरात असतात तसे एकेक शब्द जुळवत म्हणाली, "परवा मी शेवंताबाईशी जे बोलले, ते तुम्हाला ऐकू आलं."

मग तिनं चादरीची कड सरळ केली. "चूक की बरोबर?"

दोन बोटं लगेच उठली. तिनं मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहीपर्यंत ती बोटं तशीच वर राहिली.