चंद्रीचं दुखणं

“दुखतंय,” चंद्री म्हणाली.

हेडफोनमध्ये म्हशीचा आवाज स्पष्ट आला, तसा अनुसयाने कासेवरचा हात काढून घेतला. म्हशीचं बोलणं माणसाला आणि माणसाचं म्हशीला कळवणारी ही यंत्रं गोठ्यात आल्यापासून चंद्रीने दुसरा शब्द काढला नव्हता. शेजारच्यांची म्हैस पेंडीबद्दल, माश्यांबद्दल कितीतरी बोलायची. हिचं आपलं एकच. डॉक्टरांनी तिला विचारत विचारत खूर, दात, कास सगळं तपासलं, पण काही सापडलं नाही. आता तर ती दूधही चोरायला, कासेतच अडवून धरायला लागली होती.

“कुठं दुखतंय ते का सांगत न्हाई ही?” तिचा नवरा जालिंदर वैतागला. “आपलं बोलणं तिला नीट ऐकू येत नसंल.”

चंद्रीच्या कानांवरही हेडफोन होताच. जालिंदरने त्याचा पट्टा आणखी एक घर आवळला.

“दुखतंय!” चंद्री ओरडली.

अनुसयाने दचकून स्वतःचा हेडफोन काढला. बुगडी दाबून तिचा कान लालबुंद झाला होता. तो चोळता चोळता तिची नजर चंद्रीच्या डोक्याकडे गेली.

“अवो, थांबा जरा,” ती म्हणाली आणि तिने पट्टा सोडला.

चंद्रीच्या कानांमागचे केस गळून कातडं सोलवटलं होतं. अनुसयाने त्यावर हलक्या हाताने खोबरेल लावलं. चंद्रीने दोन्ही कान जोरात फडफडवले.

“आता काय म्हणतीया?” जालिंदरने विचारलं.

“मला काय ठावं?” अनुसयाने दोन्ही हेडफोन खुंटीला अडकवले आणि चरवी पुढे ओढली.

चंद्रीने पान्हा सोडला होता.