सिराहचा ग्लास

शहाऐंशी साली सबनीससाहेबांनी फ्रान्सहून सिराह वाइनची बाटली आणली. रविवारी दुपारी त्यांच्या अंधेरीच्या फ्लॅटवर आम्ही ऑफिसातले चौघे ती चाखायला बसलो.

"आधी रंग बघा, मग वास घ्या. प्यायची घाई नको," साहेब म्हणाले.

कोणाला मिऱ्याचा वास आला, कोणाला जांभळाचा. माझा ग्लास रिकामा होता. मी त्याला हातही लावला नव्हता.

"काय रे धर्मा, एवढी तहान?" साहेबांनी विचारलं.

सगळे हसले. माझे कान तापले. साहेबांनी पुन्हा ओतली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. ग्लास पुन्हा रिकामा झाला.

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांच्या बायकोने बाटली हळूच आपल्याकडे ओढली.

आमच्या मनोरीत बाराव्याला गेलेल्या माणसाच्या पानाशेजारी दारू ठेवतात. मासळी विकून आली की आई मिश्री लावायची आणि घोटभर घ्यायची. गेल्या महिन्यात तिच्या बाराव्याला हेच लोक येणार होते, म्हणून मी पाणी ठेवलं.

"बरं, कशी लागली ते तरी सांग," साहेब म्हणाले.

"छान," मी खोटं बोललो आणि ग्लास उचलला.

पलीकडच्या काठावर मिश्रीने काळे झालेले ओठ उमटले होते. अजून ओले होते.